पांढरं घट्ट होत नाही

कोकणात वेळासला, कासवं बघायला म्हणून गेले तेव्हा, ज्यांच्या घरी उतरले होते त्या काकू रात्री वाढता वाढता एक वाक्य बोलून गेल्या, ते काही केल्या माझ्या मनातून हलत नाही. वाक्य तसं साधंच, स्वयंपाकघरातलं. ओटीवर आम्ही आठ-नऊ जण मांडी घालून बसलो होतो. पुण्याचं एक कुटुंब, ठाण्याहून आलेली दोन कॉलेजातली मुलं, बँकेतून निवृत्त झालेलं एक जोडपं आणि एकटी मी. पानात तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, कुयरीची भाजी, वाटीत सोलकढी. पुण्याच्या कुटुंबातली नऊ-दहा वर्षांची मुलगी संध्याकाळी किनाऱ्यावर दोरीला पोट टेकवून उभी होती, कासवाचं पिल्लू लाटेत गेलं की टाळ्या वाजवत होती. तिथं कुणीतरी माहिती सांगताना म्हणालं होतं की पूर्वी गावात ही अंडी खायचे. ते तिच्या डोक्यात राहिलेलं. तिनं सरळ विचारलं, "काकू, तुम्ही खाल्लीयेत का हो कासवाची अंडी?"

सगळे हसायच्या तयारीत होते. काकू "छे गं" म्हणतील आणि विषय सोलकढीवर जाईल, असं वाटत होतं. काकू म्हणाल्या, "खाल्ली तर. नाय कशाला बोलू?"

मुलीच्या आईचा हात भाकरीवरच थांबला. "अहो, पण कसं खाववायचं तुम्हाला?"

"कसं म्हंजे? उकडून." काकूंना प्रश्न पाककृतीचा वाटला होता, किंवा त्यांनी तो तसा घेतला. "किती पन उकडा, त्याचा पांढरा काय घट होत नाय." आणि त्या भाताचं पातेलं आणायला आत गेल्या.

मागे ओटीवर जे झालं ते तुम्हाला सांगायला नको. भुवया, उसासे, "बाई गं", "आता मात्र सुधारलेत हो ही माणसं", आणि बँकवाल्या काकांचं अज्ञान या विषयावरचं एक छोटं भाषण, आवाज खाली आणून केलेलं. मी सोलकढीच्या वाटीत बघत होते. पांढरं घट्ट होत नाही हे मला आठव्या वर्षापासून ठाऊक होतं. कशाचं, ते त्या रात्री कळलं.

मी काही बोलले नाही.

माझं आजोळ आंजर्ल्याच्या अंगाला. तेव्हा खाडीवर पूल नव्हता; एसटीतून उतरायचं, सामान डोक्यावर घ्यायचं आणि तरीतून पलीकडे जायचं. १९८४ च्या फेब्रुवारीत मला तिकडं धाडलं होतं, गोवर येऊन गेल्यानंतर. मुंबईत दोन खोल्यांत धाकटा भाऊ तान्हा, आई एकटी. आणि मी इतकी वाळले होते की परकराची नाडी दोनदा गुंडाळून बांधावी लागायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं अंडी द्या. आजी माळकरी. तिच्या घरात अंडं काय, अंड्याचा शब्दसुद्धा उंबऱ्याच्या बाहेर थांबायचा. पण नातीच्या हाडांपुढं तिनं एक तोड काढली होती. परसात, न्हाणीच्या पलीकडे, तीन दगड मांडायचे, त्यावर एक जुनं जर्मनचं भगुणं, त्याला वेगळं सरपण, वेगळं पाणी. शिजवायचं मामानं, खायचं मी, आणि दोघांनीही आंघोळ केल्याशिवाय माजघरात यायचं नाही. आठवडाभर हे सुरळीत चाललं. मग शेजारच्या कोंबड्या नेमक्या खुडूक बसल्या.

एका पहाटे मामाच्या ओळखीचा एकजण ओल्या फडक्यात काहीतरी घेऊन आला. फडकं सोडल्यावर दिसलं ते मला अंडं वाटलंच नाही. अगदी गोल, टेबलटेनिसच्या चेंडूसारखं, पांढरं आणि मळकट, ओली वाळू चिकटलेली. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा, तसाच राहायचा. मी दोन-चार अंड्यांना खड्डे पाडून बघितले म्हणून मामा ओरडलाही. भगुण्यात ती उकळत राहिली, धूर डोळ्यांत गेला, मी दगडावर बसून मीठ घेतलेली पळसाच्या पानाची पुडी मांडीवर धरून होते. टरफल फुटत नव्हतं, ते मामानं कागदासारखं फाडलं. आणि आतून पाणी आलं. दाट, गढूळसर, कोमट, हाताच्या घडीतून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत. "कच्चंच आहे," मी म्हटलं. मामानं उरलेली परत टाकली. पुन्हा उकळली. पुन्हा तेच. आत पिवळं मात्र शिजलेलं, रवाळ, जिभेला पिठूळ लागणारं. "हे असंच असतं," मामा म्हणाला. "पांढरं घट्ट होत नाही ह्यांचं."

ह्यांचं म्हणजे कुणाचं, हे मी विचारलं नाही. आठ वर्षांच्या, भूक परत आलेल्या पोरीला असले प्रश्न पडत नाहीत. पाच खाल्ली की सात, तेही आठवत नाही. आजी या सगळ्या वेळात मागच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसलेली असायची, हातात माळ. मध्येच मान न वळवता विचारायची, "झालं का गं?" झालं म्हटलं की उठायची आणि तांब्यातून माझ्या हातांवर उंचावरून पाणी घालायची, माझ्या हाताला तांब्या लागणार नाही अशा बेतानं. मी कोपरापर्यंत हात धुवायचे. राख घेऊन, दोनदा.

वेळासची ती रात्र मी अशी जागून काढली. माजघरात ओळीनं गाद्या, वर पंखा कुरकुरतोय, शेजारी ठाण्याच्या मुलांची कुजबुज, आणि माझ्या कोपराला चाळीस वर्षांपूर्वीचा ओघळ. १९७२ चा वन्यजीव कायदा तेव्हा होताच, समुद्री कासव त्याच्या पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंगतीला. परसातल्या तीन दगडांपर्यंत तो पोहोचला नव्हता एवढंच. वेळासलाही पोहोचायला २००२ उजाडलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं समुद्री गरुडांची पाहणी करत किनाऱ्यावर आली होती, त्यांना इथं कासव येतं हे कळलं आणि त्याचबरोबर एकही घरटं शिल्लक राहत नाही हेही. पुढं भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, गावकरी, ग्रामपंचायत, वन विभाग असं करत करत २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. नाना फडणवीसांचं गाव म्हणून इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत असलेलं वेळास आता कासवांचं गाव झालं. ही गोष्ट तुम्ही वर्तमानपत्रात पन्नासदा वाचली असेल. त्या गोष्टीत 'गावकऱ्यांचं प्रबोधन' असा एक शब्दप्रयोग हमखास येतो आणि तो वाचताना मीही आजवर मान डोलवत आले आहे. प्रबोधन व्हायची गरज असलेली ती माणसं कोण, याचा विचार करताना माझ्या डोळ्यांपुढं कधी मी आले नव्हते.

सकाळी सहाला काकांनी हाक मारली. काकूंचे यजमान किनाऱ्यावर राखण करणाऱ्यांपैकी. गावातून किनाऱ्याकडे जाताना पोफळीच्या बागा लागतात, रात्रीच्या शिंपण्याचा ओला वास, मग सुरूची झाडं, मग एकदम उघडं. मार्च असूनही वाळू पायाला गार होती. वरच्या अंगाला जाळीचं कुंपण घातलेलं, आत ओळीनं खड्डे, प्रत्येकावर एक टोपली पालथी घातलेली आणि शेजारी पाटी: घरटं मिळाल्याची तारीख, अंडी किती. मला त्या पाट्या बघून उगाच प्रसूतिगृहातल्या खाटांची आठवण झाली आणि मग रागही आला, कासवाला बघून काहीतरी माणसाचंच आठवतं म्हणून.

काकांशी बोलायला मिळालं ते गर्दी यायच्या आधी. त्यांनी मला वाळूत बोटानं काढून दाखवलं. मादी येते ती रात्री, भरतीच्या सुमाराला. पाण्यापासून वर सरळ एक पट्टा उमटतो, दोन-अडीच फूट रुंद, दोन्ही बाजूंना वल्ह्यांच्या खुणा. ती मागच्या पायांनी खड्डा काढते, एक पाय आत घालून वाळूची ओंजळ भरते आणि अलगद बाजूला ठेवते, मग दुसरा. दीड फूट खोल, वर अरुंद आणि आत फुगीर, माठासारखा. शंभर-सव्वाशे अंडी. मग वाळू लोटून त्यावर स्वतःचं अंग आपटत आपटत ती जमीन चोपून बसवते. "धप धप आवाज होतो," काका म्हणाले, "आमी लांबून ऐकायचो." एवढं झालं की वळते आणि जाते. परतीचा पट्टा वेगळा उमटतो. दोन पट्ट्यांच्या मधे जिथं वाळू विस्कटलेली तिथं घरटं. पण घरटं नक्की कुठं हे विस्कटलेल्या वाळूतून शोधणं म्हणजे कसब. "काठी हळू हळू रोवत जायची. सगळीकडं टणक लागतं. जिथं आपसूक आत गेली तिथं अंडी."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

काका माझ्याकडे बघून हसले. बराच वेळ हसले. मग म्हणाले, "बापसानं."

ते हसू मला फार आवडलं. त्यात ओशाळेपणा नव्हता आणि फुशारकीही नव्हती. बापसानं काढायला शिकवलं, तीच काठी, तेच बोट, तीच पहाटेची वेळ. आता काढलेली अंडी टोपलीत जशी होती तशी, न उलटता, न हिंदकळवता कुंपणात आणतात आणि तसाच माठाच्या आकाराचा खड्डा हातानं खणून त्यात ठेवतात. कोल्हे, कुत्री आणि माणसं यांच्यापासून लांब. साधारण पन्नास दिवस. किनाऱ्यावर अंड्यांचा शोध घेता येणारी माणसं हवी होती आणि ती इथं पिढ्यान्‌पिढ्या तयार होतीच. हा भाग प्रबोधनाच्या गोष्टीत फारसा कुणी सांगत नाही. काकांची नखं मी पाहिली. कडेनं वाळू गेलेली, पांढरी पडलेली. ते एका पाटीपुढं उकिडवे बसले आणि टोपली जरा उचलून आत बघितलं. "बसलीय," म्हणाले. मला वाटलं कुणीतरी बसलंय. वाळू बसली होती. आत पिल्लं फुटून वर यायला लागली की खालची जागा मोकळी होते आणि वरची वाळू खचते, बशीसारखी. "आज नायतर उद्या सकाळी."

सातला गर्दी आली. दोरी लागली. एका स्वयंसेवकानं फ्लॅश मारू नका, वाळू तुडवू नका, मुलांना उचलून घ्या असं सगळं नीट समजावून सांगितलं. मग टोपल्या एकेक करत उचलल्या गेल्या. पहिल्या चार टोपल्यांखाली काही नव्हतं. प्रत्येक रिकाम्या टोपलीला लोकांतून "अरेरे" असा एकसुरी आवाज यायचा. पाचवीखाली सहा पिल्लं निघाली. काळपट करडी, मुठीत दोन मावतील एवढी, प्रत्येकाचं एकेक वल्हं दुसऱ्याच्या डोक्यावर. ती परडीत घालून पाण्यापासून थोड्या अंतरावर ओल्या वाळूत ठेवली. ती आपली आपण चालत गेली पाहिजेत, हातानं पाण्यात सोडत नाहीत. एवढीशी वाट, तिलाही पाच-सात मिनिटं लागली. एक पिल्लू उलट दिशेनं निघालं, आमच्याकडे. तीस-पस्तीस माणसं श्वास रोखून उभी होती आणि ते आमच्या पायांकडे चालत येत होतं. मग थांबलं. मान वर केली. अंग वळवलं. लाट आली आणि त्याला घेऊन गेली, मग परत आणून टाकलं, उलटं. परत लाट. तिसऱ्यांदा ते दिसलं नाही.

"एवढीच?" माझ्या मागून कुणीतरी म्हणालं. "मागच्या शनिवारी म्हणे चाळीस होती."

तसे लोक फार असतात आणि त्यांच्यावर मी आणखी एक परिच्छेद चिडू शकते. खोलीचे पैसे भरले म्हणजे पिल्लांची हमी मिळाली अशा समजुतीनं येणारे, अंधारात टॉर्च घेऊन किनाऱ्यावर फिरायला जाणारे, सुरूत बिस्किटांची कागदं टाकणारे. पण मीही वेसवीच्या फेरीबोटीत गाडी चढवून तिथं गेलेली, मलाही रिकाम्या टोपलीला आतून "अरेरे" झालंच होतं. हल्ली हंगामाचं गणितही पूर्वीसारखं राहिलेलं नाही. वाळूच्या उबेवर ठरतं पिल्लू नर की मादी. जास्त तापली की माद्या, थंड राहिली की नर. फारच तापली तर काहीच नाही, अंडी आतच जातात. काका म्हणाले, आता उन्हाळ्याकडे झुकलेल्या घरट्यांवर सावली धरावी लागते. सावली धरावी लागते, हे ते इतक्या सहज म्हणाले, जसं तान्ह्या मुलाबद्दल म्हणावं.

आजी मला देवळात न्यायची. आत शिरलं की सभामंडपात जमिनीत दगडी कासव. "आधी याला नमस्कार," ती म्हणायची, "मग देवाला." पायांचा अंगठा त्याच्या पाठीला लागला की चिमटा. एकदा मी विचारलं होतं, हे इथं का, देवाकडे बघत? आजीनं सांगितलं ते संतांच्या अभंगात जागोजागी येतं तेच: कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, अंगाखाली घेत नाही. ती लांब असते, एका तीरावर ती आणि दुसऱ्या तीरावर पिल्लं, आणि ती नुसत्या नजरेनं त्यांना वाढवते. म्हणून देवानं आपल्याकडे कासवीसारखं बघावं. कूर्मदृष्टी. मला ते तेव्हा फार सुंदर वाटलं होतं कारण आई मुंबईत होती आणि मी खाडीच्या या बाजूला. रात्री झोपताना मी दक्षिण कुठली, उत्तर कुठली ते विचारून मुंबईकडे तोंड करून झोपायची, नजर थेट पडावी म्हणून.

काकांनी काढून दाखवलेल्या दोन पट्ट्यांत परतीचा पट्टा सरळ पाण्यात गेलेला होता. त्याला कुठं बाक नव्हता. पिल्लं बाहेर येतात तोवर पन्नासेक दिवस उलटलेले असतात आणि मादी कुठल्या कुठं गेलेली असते. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारं यंत्र बसवलं, कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेनं मिळून. तिचं नाव प्रथमा ठेवलं. पाठोपाठ सावनी, लक्ष्मी, वनश्री, रेवा. मी त्या दिवसांत रोज सकाळी चहा घेताना फोनवर त्यांच्या वाटांचे नकाशे शोधायची, माहेरवाशिणीची खुशाली काढावी तशी. पुढच्या वर्षी गुहागरहून बागेश्री गेली ती दक्षिणेला उतरत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात. आणि २०२५ मध्ये उलटं झालं: चार वर्षांपूर्वी ओडिशात पायाला बिल्ला लावलेली एक मादी गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनारा, पश्चिम किनारा, कागदावर वेगवेगळ्या रंगानं रंगवलेले. ती मधला सगळा देश वळसा घालून आली. तेव्हा नजरेनं वाढवण्याचं राहू दे. तरी आजीची गोष्ट खोटी पडली असं मला म्हणवत नाही. आजीचीही पाठ होती माझ्याकडे, सगळा वेळ, आणि मी शेवटचा घास गिळला की तिला कळायचं.

तिला ठाऊक होतं का, भगुण्यात काय आहे ते? वेळासहून परतल्यापासून मी याच एका प्रश्नाभोवती घोटाळते आहे. सभामंडपातल्या दगडी कासवाला माझा अंगठा लागला तरी चिमटा काढणारी बाई. मामाला ठाऊक होतं, त्याच्या 'ह्यांचं' या शब्दात ते होतंच. पण मामा गेला १९९९ मध्ये आणि आजी त्याच्या आधी. राहिली आई. तिला फोन करून विचारलं तर ती म्हणाली, "काहीतरीच काय. कोंबडीचीच असतील. गावठी अंडी लहान असतात." मी म्हटलं, अगं गोल होती. "गावठी गोलच असतात," आई म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. तिच्याकडे कुकर गेली दोन वर्षं नाही, डबा येतो.

वेळासच्या शेवटच्या सकाळी मी काकूंकडे मागच्या दारी गेले होते. त्या बंबात करवंट्या सारत होत्या. जळणाचा, करवंटीच्या तेलाचा तो गोडसर वास, आणि पलीकडे, खरंच सांगते, तीन दगड. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या मासळी बाहेर करते, पाव्हणे शाकाहारी असतात ना. आदल्या रात्रीचं त्यांच्या मनात काही आहे असं दिसत नव्हतं. पुण्याच्या मुलीला त्यांनी वाटेसाठी कोकमाची बाटली बांधून दिली होती. मी म्हणायला तोंड उघडलं, काकू, मी पण. तेवढ्यात बँकवाले काका गरम पाणी मागायला आले. ते गेल्यावर पुन्हा सुरुवात करता आली असती. मी काकूंना आमसुलांचा भाव विचारला. अर्धा किलो घेतली. ती अजून फडताळात आहेत, एवढी आमसुलं एकट्या बाईला वर्षभर पुरतात.

अंडी खाल्ल्याचं मला तितकंसं वाईट वाटत नाही, हे लिहून टाकते. कुणी मला त्याबद्दल माफी मागायला सांगितलं तर मी कुणाकडे तोंड करून मागू? हाडांवर मांस चढलं, मार्चमध्ये परकराची नाडी सोडून सैल बांधावी लागली, त्यात त्या अंड्यांचा काही वाटा असेलच. डाचतं ते ओटीवरचं. एक बाई भर पंगतीत स्वतःच्या घरात "खाल्ली तर" म्हणाली, तिच्यामागे आठ माणसांनी भुवया उंचावल्या आणि त्यातली एक भुवई नुसती जागच्या जागी राहिली, एवढंच माझं शौर्य.

यंदा डिसेंबरात मार्चची खोली ठरवायला काकूंना फोन केला. तारखा झाल्या, माणसं किती ते झालं, जेवणात काय नको ते झालं. गाड्यांची ये-जा नसलेल्या गावाची ती शांतता फोनमधूनही ऐकू येते, मागे रहाटाचा आवाज होता.

"काकू, मागच्या वेळी ती मुलगी तुम्हाला विचारत होती ना, अंड्यांचं."

"कोन, ती पुन्याची? गोड पोर."

"मी पण खाल्लीयेत. लहानपणी. आंजर्ल्याला."

पलीकडे रहाट थांबला. मला वाटलं फोन तुटला.

"किती खाल्लीस?"

तोवर मला त्या 'तुमी' म्हणत होत्या.

"मोजली नाहीत. पाच-सात असतील. मला माहीत नव्हतं कशाची ते."

"आनि पांढरा?"

"ओघळला. कोपरापर्यंत."

काकू हसल्या. काकांसारख्याच, बराच वेळ. मग हसणं आवरून म्हणाल्या, "आनि तवा पानावर गप बसलीस व्हय गो."

"हो."

"बरा." एवढंच. मग त्यांचा आवाज फोनपासून लांब गेला, कुणालातरी काहीतरी विचारत्या झाल्या, परत जवळ आला. "हे आले बघ आताच. रातीचा एक मिळालाय, यंदाचा पयला. एकशे अकरा. ठेव आता, हात वाळूचे हायत त्यांचे, पानी घालायला पायजेल."